दार उघडं होतं म्हणे

वहिनी,

तुमच्या तिरडीभोवती धरलेल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात होतं.

घराच्या दारापासून अंगणातल्या तिरडीपर्यंत दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहिली, चादरी ताणल्या गेल्या आणि त्या कापडी बोळातून तुम्हाला बाहेर आणलं. तोंडावरून पदर ओढलेला. ज्या गावातल्या कितीतरी बाळंतिणींनी तुमच्या हातचे डिंकाचे लाडू खाल्ले, ते गाव चादरीच्या पलीकडे उभं होतं आणि त्याला तुमचं शेवटचं तोंडही दिसू दिलं नाही. वैशाखातला वारा सुटला होता. चादर फडफडली की दादा माझ्याकडे बघत आणि मी टोक आणखी आवळून धरी. मेलेल्या बाईला आता कोणापासून झाकायचं, हा साधा प्रश्न मला पडला तो नदीवरून परतल्यावर, हात धुताना. चादर ट्रंकेतून काढलेली होती. तिला डांबरगोळ्यांचा वास होता. तो वास अजून हाताला येतो. हे लिहितानाही येतो आहे.

तेराव्याला त्याहून वाईट झालं. ओसरीवर पुरुषांची पंगत बसली होती. आमचे मामा आबासाहेब शेलूबाजारहून आले होते. त्यांनी बुंदीचा घास तोंडात असतानाच विषय काढला.

"बाई कशी असावं, तं अशी! नांदाले आली तवापासून गेली तवालोक, कोन्या परक्या मानसानं तिचं नख पाह्यलं नाई."

"नाईच पाह्यलं जी," शेजारचे म्हणाले. "आन् कुंकवासंगं गेली. भाग्य लागते."

"असं वळन आता कुठी राह्यलं? अरे, इकडं तूप आना."

तूप आलं. त्यांनी ते बोटानं भातावर पसरवलं, बोट चाटलं आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं. नख पाह्यलं नाई. मी पान तसंच टाकून उठलो आणि मागच्या परसात जाऊन गोठ्याच्या भिंतीला धरून उभा राहिलो. कोणीतरी म्हणालं, भाऊ लई हळवा हाये. हळवेपणा नव्हता तो, वहिनी. किळस होती. आणि ती नुसती आबासाहेबांची नव्हती. हेच वाक्य मी माझ्या लग्नाच्या बैठकीत, माझ्या सासऱ्यांना आपल्या घराची थोरवी सांगताना म्हटलं होतं. आमच्या वहिनींचं नख कोणी पाहिलेलं नाही. तेव्हा मी बी.ए. झालेलो होतो.

आपल्या घरचा गोषा तुम्हाला काय सांगायचा. वाशीमला शाळेतल्या सोबतच्या मास्तरांना सांगावा लागतो, कारण त्यांना वाटतं ही जुन्या काळातली गोष्ट आहे. मी सांगतो की आपल्याकडच्या काही वतनदार घरांत अजून बायका बाहेरच्या ओसरीवर येत नाहीत, परगावी जायचं तर छपराच्या बैलगाडीत, म्हणजे दमणीत, बसतात आणि दमणीला पुढून-मागून पडदा सोडतात. ते म्हणतात, कमाल आहे. मीही म्हणतो, कमाल आहे. जणू मी दुसऱ्या कोणाच्या घराबद्दल बोलतो आहे.

तुम्ही मात्र अकोल्याच्या एका मास्तरांच्या घरातून आल्या होत्या, आणि पेटीत लुगड्यांच्या खाली एक जाड बांधीव खंड घेऊन आल्या होत्या. गेल्या शतकातल्या कुठल्याशा मासिकाचे अंक. तुमच्या आईनं एकत्र शिवून घेतले होते. कव्हर गेलेलं, पहिली काही पानं गेलेली, त्यामुळे मासिकाचं नाव आपल्याला कधी कळलंच नाही. त्यात बायकांनी लिहिलेल्या गोष्टी होत्या. खाली नावं नसत. "एक भगिनी", "एक दुःखिनी", असलं काही. मी अमरावतीहून शिकून आलो तेव्हा तुम्हाला वाटलं असावं की आता घरात बोलायला कोणी आलं. तुम्ही माजघरात तुरीची डाळ निवडत बसायच्या, मी उंबऱ्याच्या अलीकडे ताट घेऊन बसायचो, आणि आपलं भांडण सुरू व्हायचं.

पहिलं भांडण पोपटावरून झालं.

"भाऊजी, या बायाईनं पोपटाले लई कामाले लावलं पाहा," तुम्ही म्हणालात. "बाई कोंडली, का आनलाच पोपट. टांगलाच पिंजरा. मंग पोपट रडते, पोपट पंख आपटते, पोपट मरते. बाई आपली बाजूले उभी. बाई कमी पडली काय दुःख सांगाले?"

मी हसलो आणि मग मास्तर झालो. मी समजावलं की ते प्रतीक आहे. त्या काळी बाईनं सरळ 'मला कोंडलं आहे' असं लिहिलं असतं, तर ते आधी तिच्या नवऱ्यानं वाचलं असतं, मग सासऱ्यानं. म्हणून तिनं पोपटाच्या तोंडून सांगितलं. मी पिंजरा समजावला, बंद खिडकी समजावली, परडीखाली झाकलेला दिवा समजावला. मला वाटलं, तुमच्या चेहऱ्यावर उजेड पडतो आहे.

तुम्ही डाळीतला खडा उचलून बाजूला टाकलात. "म्हंजे पोपटबी गोषातच बोलते म्हना."

"तसं नाही, वहिनी..."

"तसंच तं हाये. आतली बाई दिसू नोय म्हनून पडदा. अन् आतलं बोलनं दिसू नोय म्हनून पोपट. तुमचं हे प्रतीक म्हंजे दमनीचा पडदाच झालं की."

मी ते वाक्य त्या रात्री वहीत उतरून घेतलं. माझं म्हणून नाही. तेव्हा तरी नाही.

त्या खंडात एक गोष्ट अशी होती जिच्यात पोपट नव्हता. ती तुमची आवडती. आपलं खरं भांडण तिच्यावरून झालं आणि ते तुम्ही जाईपर्यंत मिटलं नाही. तुमची लेक विमल ती आज ना उद्या वाचणार, म्हणून मला आठवते तशी इथे लिहून ठेवतो. एक सुशिक्षित नवरा आपल्या बायकोची हकीकत सांगतो. तो म्हणतो, मी सुधारक आहे, मी दाराची कडी काढून टाकली आहे, मी हिला रोज सांगतो की दार उघडं आहे, तू ये, जा, शेजारणीकडे बस, देवळात जा. पण ही उंबऱ्यापाशी येते आणि थांबते. उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडते, रस्त्याकडे बघते, आणि मी काही विचारलं की नुसती हसते. शेवटी आळीत आग लागते, सगळ्या बायका रस्त्यावर धावतात, आणि ही दारात उभीच. नवऱ्याला तिला हाताला धरून ओढावं लागतं. तो शेवटी म्हणतो, पिढ्यान्पिढ्यांच्या कैदेनं ज्यांचं मनच कैदी झालं, त्यांना कोण सोडवणार?

मला ही गोष्ट फार थोर वाटायची. उघडं दार आणि न ओलांडलेला उंबरा. मी तुम्हाला सांगितलं की इथे लेखिका बाहेरच्या कुलपापेक्षा आतलं कुलूप दाखवते आहे. बंधन मनात असतं.

तुम्ही सूप खाली ठेवलंत. "दार उघडं हाये असं कोन सांगून राह्यलं?"

"गोष्टीतच आहे."

"गोष्टीत कोन सांगते?"

"नवरा."

"तिनं सांगतलं काय? कुठी एक अक्षर तिचं हाये काय? पाहा बरं."

मी पान उलटलं. खरंच, त्या बाईच्या तोंडी अख्ख्या गोष्टीत एक शब्द नव्हता.

"अन् मधात पाहा," तुम्ही बोट ठेवलंत. "तो आपली काटकसर सांगून राह्यला ना, तिथी."

मधे एक परिच्छेद होता. मी तो कितीदा वाचला होता आणि कधीच वाचला नव्हता. नवरा आपला संसार कसा नेटका आहे ते सांगतो. धान्य मोजून काढतो, तेल मोजून देतो, बायकोला घरात वापरायला एक जुनेर पुरतं, चांगली लुगडी पेटीत असतात आणि पेटीची किल्ली त्याच्या जानव्याला.

"फाटक्या जुनेरावर कोन बाई देवळात जाईन, भाऊजी? आगीत बी ती काहून थांबली? अंगावर लुगडं कुठी हाये पुरतं?" तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मला माझ्या पदवीची लाज वाटली. "दाराचं काय घेऊन बसले? किल्ली पाहा. अन् हे लिहिनारी बाई हाये बरं का. नवऱ्याच्या तोंडून बोलून राह्यली ती. त्याचं तोंड त्याच्याच तोंडानं काळं करून राह्यली. तुमी त्याचंच खरं मानून बसले."

मी वाद घातला. हट्टानं घातला. म्हटलं, हे तुम्ही ओढूनताणून लावता आहात, किल्लीचा उल्लेख सहज आलेला आहे. तुम्ही म्हणालात, सहज येते म्हनून तं खरं. मी ताट उचलून निघून गेलो. पण तुम्ही मला वाचायला शिकवलंत त्या दिवशी. मी शाळेत इतकी वर्षं मराठी शिकवतो ते त्या एका दुपारच्या भांडवलावर. हे ऋण मी कधी बोलून दाखवलं नाही.

उलट ते विकलं. वाशीमच्या वाचनालयात मला व्याख्यानाला बोलावलं. विषय मीच सुचवला होता, गेल्या शतकातल्या स्त्रियांच्या कथांमधली बंदिवासाची प्रतीकं. मी उन्हाळ्याच्या सुटीत घरी येऊन तुमच्याजवळ बसून त्याची तयारी केली. तुम्ही एकेक गोष्ट काढून देत होत्या. शेवटी तुम्ही दबक्या आवाजात विचारलंत, "मले नेता काय आयकाले? मी मांगं बसीन. एका कोपऱ्यात."

मी म्हणालो, "तिथे बायकांसाठी पडद्याची सोय नाही, वहिनी."

हे मी म्हणालो. मला शब्दन्शब्द आठवतो. पडद्याविरुद्ध बोलायला जाणारा माणूस पडद्याची सोय नाही म्हणून तुम्हाला घेऊन गेला नाही. दादांना मी विचारलंसुद्धा नाही. तिथे पुढच्या जाजमावर गावातल्या कितीतरी बायका येऊन बसल्या होत्या, लेकरं मांडीवर घेऊन. मी त्यांना पोपट सांगितला, दमणीचा पडदा सांगितला, आणि शेवटी आवाज जरा खाली आणून जानव्याची किल्ली सांगितली. मग टाळ्या. अध्यक्ष म्हणाले की वक्त्यांनी फार मार्मिक दृष्टी दाखवली. गळ्यात झेंडूचा हार घालून मी ती दृष्टी घरी आणली.

तुम्ही चुलीपाशी होत्या. "आवडलं काय लोकाईले?"

"खूप."

"किल्लीचं सांगतलं?"

"सांगितलं."

"कोनं काढलं, ते सांगतलं?"

मी म्हणालो की वेळ कमी होता. तुम्ही भाकर तव्यावर उलटली आणि म्हणालात, "हार तेवढा विमलले द्या. खेळन."

तुम्ही रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता आजाराचं. याच्याबद्दल मी कोणाशीच बोललेलो नाही, तुमच्याशीही नाही. दिवाळीच्या सुटीत मी घरी होतो. दादा शेतात, घरात दुसरं बाईमाणूस कोणी नाही. तुम्ही मला माजघराच्या दाराशी बोलावलंत. भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या. "भाऊजी, डाव्या थानाखाली गाठ हाये. लिंबाएवढी. पह्यले दुखत नव्हती, आता ठनकते. दुसऱ्या कोनाले सांगू?" त्यासाठी तुम्हाला किती धीर गोळा करावा लागला असेल, ते मला आज समजतं. मी डॉक्टरांना आणलं. भला माणूस. ते ओसरीवर बसले, मधे पडदा, तुम्ही आत. ते प्रश्न विचारत, मी आत जाऊन तुम्हाला विचारत असे, आणि बाहेर येऊन उत्तर सांगत असे. आपल्या घरात डॉक्टर असाच येतो. मनगट पडद्याबाहेर काढायचं, बाकीचं कोणीतरी पुरुषानं सांगायचं.

डॉक्टरांनी विचारलं, "नेमकं कुठं दुखतं?"

आणि मला त्या परक्या माणसासमोर माझ्या वहिनीच्या अंगाचं नाव घेववलं नाही. मी म्हणालो, "कुशीत दुखतं म्हणतात. बारीक ताप असतो."

त्यांनी शेकायला सांगितलं, एक औषधाची बाटली दिली, आणि म्हणाले की गुण नाही आला तर अकोल्याला लेडी डॉक्टरला दाखवा. मी बाटली आत आणून दिली. तुम्ही ती उजेडात धरून बघितली.

"काय सांगतलं तुमी?"

"सगळं सांगितलं."

"गाठीचं?"

मी औषध किती वेळा घ्यायचं ते सांगू लागलो. तुम्ही बाटली कोनाड्यात ठेवलीत आणि हसलात. त्या गोष्टीतली बाई हसते तशा.

"म्हंजे तुमीबी गोष्टच सांगून आले, भाऊजी."

मी तेव्हाही परत ओसरीवर जाऊ शकत होतो. डॉक्टर सायकलची साखळी बसवत होते, अजून अंगणातच होते. मी नाही गेलो. मला वाटलं, औषधानं बरं वाटेल. मला असंही वाटलं की पुढच्या सुटीत बघू. स्वतःच्या बाजूनं मांडायला माणसाला किती गोष्टी सापडतात, वहिनी, त्याची मला आता शिसारी येते. गाठ फुटली तेव्हा दादांनी तुम्हाला पडदा सोडून दमणीत घातलं, मालेगावहून मोटरनं अकोल्याला नेलं, आणि मी वाशीमहून तिथे पोहोचलो. तिथल्या लेडी डॉक्टरनं मला विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

अकोल्याहून परत आणल्यावर मी तुमच्या बाजेजवळ बसलो होतो. तुमचा आवाज पार खोल गेला होता. मी औषधाचं काहीतरी बोलू लागलो. तुम्ही हात हलवलात.

"औषधाचं राहू द्या. विमलचं बोला. तिले वाशीमले न्या. शाळेत घाला. मी गेली का तिले आत घेतीन, मंग तिची दमनी होईन."

"बोलतो मी दादांशी."

"तुमी लई दिवसाचे बोलून राह्यले," तुम्ही म्हणालात. "या खेपी त्याईलेच आयकू जाऊ द्या. मले नोका सांगू."

तुमच्याशी झालेलं हे माझं शेवटचं बोलणं. म्हणून आता जे लिहितो, ते नीट लिहितो.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी दादांसमोर उभा राहिलो. ते बाजेवर बसून सुपारी कातरत होते. बायको गेल्याचं दुःख त्यांना नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांचे डोळे सुजलेले होते, आणि तुमच्या खोलीकडे ते बघत नव्हते. मी म्हणालो, "विमलला मी वाशीमला नेतो. शाळेत घालतो. वहिनींची तशी इच्छा होती."

मला वाटलं होतं, ओरडतील. ते अडकित्ता खाली ठेवून अगदी शांतपणे म्हणाले, "ने ना. कोनं अडवलं? तिच्या मायले तरी मी कधी अडवलं काय? दार उघडंच हाये."

तुम्ही ज्या पानावर बोट ठेवलं होतं, ते पान माझ्यासमोर बाजेवर बसून बोलत होतं. आणि मला तुमच्या शिकवणीप्रमाणे दाराकडे न बघता किल्ली शोधायची होती. ती फार शोधावी लागली नाही.

"मंग उद्या दमनी जोडाले सांगतो," मी म्हणालो.

"दमनी कुठून आनू? बैल वखराले जुपले हायेत. हे रान तयार करू का पोरीले शाळेत पोचवू? अन् पेरन्या झाल्यावर पाहू. पेरन्या झाल्या का निंदन. दिवाळीनंतर पाहू."

बैल मोकळे नाहीत. तुम्हाला वाचनालयात न नेण्यासाठी मी म्हणालो होतो पडद्याची सोय नाही. त्यांच्याकडे बैल होते. दोघांच्याही जानव्याला काहीतरी बांधलेलं होतं. विमल दाराआड उभी होती. तिच्या पायाची बोटं उंबऱ्याच्या आतल्या कडेला दिसत होती.

"ठीक हाये," मी म्हणालो. "बैल राहू द्या. आमी पायी जातो."

"पायी?"

"चावडीवरून जाऊ, पारावरून जाऊ. मालेगाव काही फार दूर नाई. विमल, चाल व बाई, पायात घाल."

"भर गावातून? माह्या पोरीले?" दादा ताडकन उठले. "भाऊ, तुले लाज हाये का नाई? लोक काय म्हनतीन?"

"लोक तिचं नख पाहतीन," मी म्हणालो.

त्यांनी हात उगारला. चाळिशी ओलांडलेल्या भावावर. मग तो खाली आला आणि त्यांनी सखारामला, गाडीवानाला, हाक मारली. शेतातून बैल सोडवून आणले. सुपारीचं खांड चावून व्हायच्या आत बैल मोकळे झाले, वहिनी. इतकी वर्षं जे मोकळे होत नव्हते ते. जाताना दादा विमलच्या डोक्यावर हात ठेवून रडले, आणि रडता रडता स्वतःच्या हातानं त्यांनी दमणीचा पडदा सोडला, कोपरे बांधले आणि मला म्हणाले, "मालेगावलोक असाच राहू दे. एवढं तरी माहं आयक." मी मान डोलावली.

गावाची शीव ओलांडली तशी विमलनं गुडघ्यावर उठून पडद्याच्या एका जागी डोळा लावला. तिथे शिवण उसवलेली होती, बोट जाईल एवढी. मला वाटायचं, उंदरानं कुरतडलं असेल.

"आता बाभळीचं बन येईन, काका. मंग आंब्याखालची विहीर."

"तुला काय ठाऊक?"

"मायनं उसवलं हे. सुईनं. तिच्या माहेरी जातानी आमी पाळीपाळीनं पाहो. ती म्हने, रस्ता इथून तुकड्यातुकड्यानं दिसते. घरी जाऊन शिवा लागते मंग."

मी तोंड फिरवलं. तुम्हाला हे सगळं येत होतं, आणि मी तुम्हाला प्रतीकं समजावत होतो.

थोडं पुढे गेल्यावर विमलनं मला काही विचारलं नाही. तिनं कोपऱ्याची गाठ सोडली आणि पडदा सरळ बाजूला सारला. उजेड एकदम आत आला. तिनं डोळे मिचकावले, मग पाय खाली सोडून बसली. वारा तिच्या तोंडावर येत होता. नांगरलेली काळी रानं, बांधावर उभा असलेला एक माणूस, धूळ. ती एकेक गोष्ट बघत होती. तुमच्यासारखीच भुवई वर करून.

तेवढ्यात मालेगावच्या बाजारातून परतणारी एक गाडी समोरून आली. चार-पाच माणसं होती तिच्यात. ओळखीचं कोणी नव्हतं. दादा मागे राहिले होते. आबासाहेब नव्हते. कोणी काही बोललं नाही. आणि माझा हात उचलला गेला, त्यानं पडद्याची कड पकडली आणि ओढली.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. व्याख्यान दिलेला हात. औषधाची बाटली आणलेला. तुमच्या चादरीचं टोक धरलेला. त्याला कोणी शिकवावं लागलं नाही.

विमल त्या हाताकडे बघत राहिली. तुम्ही त्या बाटलीकडे पाहिलं होतं, तसंच. मग तिनं माझं एकेक बोट कडेवरून उचललं.

"सोडा, काका. हवा लागते."

बाजाराची गाडी जवळून गेली. आतल्या एका म्हातारीनं विमलकडे बघून विचारलं, "कोनाची व तू, बाई?" आणि विमलनं पुढे झुकून तिला तुमचं नाव सांगितलं. वडलांचं नाही, घराचं नाही. तुमचं. त्या रस्त्यावर ते मोठ्यानं कधी उच्चारलं गेलं नसेल.

ती आता आमच्याकडे आहे. तुमचा खंड तिच्या उशाशी असतो. त्या गोष्टीपाशी ती पोहोचेल तेव्हा मी तिला काही समजावणार नाही. पण घरी माझ्या बायकोनं विचारलं, "आणलंत कसं हो पोरीला?" तेव्हा मी म्हणून बसलो की शिवेपलीकडे मी हातात धरलेला पडदा आपणहून सोडून दिला. माझ्या तोंडून ते इतकं सहज आलं की मलाच खरं वाटलं.

वहिनी, मी सोडला नाही. तिनं माझी बोटं सोडवली.